सबुरी म्हणजे हात बांधून बसणं नव्हे

प्रश्न असा आलाय की 'देवावर भरवसा ठेवून प्रतीक्षेच्या हंगामात सबुरी बाळगणे' हे मराठी बरोबर आहे का, आणि सबुरी नि धीर यात फरक काय.

हंगामाचं नंतर, आधी सबुरी. कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाला नोकरी लागत नाहीये, कुणाचं मूल रुसून लांब गेलंय, आणि त्याला सांगायचं काय तर 'सबुरी ठेव', म्हणजे हात बांधून बस आणि होईल ते बघ! हे सारखं ऐकून ऐकून आता खरंच राग येतो. अरबी 'सब्र'चा मूळ अर्थ बांधून ठेवणं, आवरून धरणं हाच आहे, पण आवरायचा असतो तो जीव, हात नव्हेत.

आता खरी गंमत. सब्रवरून 'सबूर', म्हणजे अतिशय सोशिक, आणि त्याला फारसीतली ई लागून सबुरी, जसं दोस्तचं दोस्ती. आणि अस-सबूर हे अल्लाच्या ९९ नावांच्या प्रचलित यादीतलं शेवटचं नाव! म्हणजे सबुरी हा आधी देवाचा गुण, माणसाकडे नंतर आला. मला तर वाटतं म्हणूनच हा शब्द मराठीत इतका सहज मुरला, कारण पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर थांबून राहिलेला देव आपल्याला आधीपासून ठाऊक होताच. थांबायला सांगणारा स्वतःही थांबलेला आहे म्हटल्यावर भरवसा ठेवणं किती सोपं होतं बघा.

अरबीत कोरफडीलाही जवळपास हाच शब्द आहे, म्हणून सब्र तिच्या कडूपणावरून आला असं काही जण छातीठोक सांगतात. साफ नामंजूर. धातूचाच अर्थ आवरणं असताना कडूपणा कशाला हवाय मध्ये?

तसंच धीरचं. अमरकोशात धीर म्हणजे पंडित, ते 'धी'वरून, मान्य. पण म्हणून 'धीर धर'मधला धीरही बुद्धीवरूनच आला म्हणणारे मराठी कान देऊन ऐकतच नाहीत. धीर आपण धरतो आणि तो सुटतो, आता बुद्धी कधी सुटते का हातातून? माझ्या मते हा धीर 'धृ'चा, धरण्याचा. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी धरून ठेवणंच आहे, फरक वापरात आहे: धीर दुसऱ्याला देता येतो, पण 'मी त्याला सबुरी दिली' असं कुणी म्हणत नाही, ती ज्याची त्यालाच ठेवावी लागते.

हां, हंगाम. तो आंब्याचा, पेरणीचा, लग्नाचा. प्रतीक्षेला हंगाम लावला की वाक्य भाषांतरासारखं वाटतं. तुकोबांनी 'पाहे रात्रंदिवस वाट तुझी' म्हटलंय, त्यात हंगामही नाही नि प्रतीक्षाही नाही. तुम्हीही सरळ 'देवावर भरवसा ठेवून वाट बघतोय' असं लिहा.