बारीकसारीक गोष्टींवरून राग येतो आणि दिवसभर डोक्यात घोळत राहतो. काय करावं?

राग गिळून काही होत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की, चेहऱ्यावर नकोशी भावना दिसू न देणाऱ्यांना आतून ती तेवढीच जाणवत होती, शिवाय शरीरावरचा ताण वाढत होता.

त्यापेक्षा नेमकं काय वाटतंय ते शोधा. साहेबांनी चारचौघांत चूक काढली की आपण म्हणतो, ‘डोकं फिरलं.’ पण खरं काय झालं? अपमान वाटला, की नोकरीची धास्ती बसली? अपमान वाटला असेल तर त्यांना बाजूला घेऊन शांतपणे बोलता येतं. धास्ती असेल तर भांडून काय उपयोग, आपलं काम कसं चाललंय ते सरळ विचारावं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या अभ्यासात, भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया मंदावलेली दिसली.

अगदीच भडका उडाला तर श्वास सावकाश, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. आणि हो, झोप पुरेशी होते का तेही बघा, झोप कमी पडली की चिडचिड वाढते.

रागाच्या भरात हात उचलला जात असेल किंवा कामच सुचेनासं झालं असेल, तर समुपदेशकाला गाठा.