बदाम, अक्रोड, काजू फारच महागलेत, किराण्याचं बजेट कोलमडतंय. पोषण कमी न करता खर्च कसा कमी करायचा?

बदाम-काजूचं बरंचसं काम शेंगदाण्यांवर आणि बियांवर ढकला, सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. पोषणाचे तक्ते बघितले तर १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं, बदामात २१ च्या आसपास आणि काजूत तर १८ च, म्हणजे प्रोटीनसाठी महाग सुकामेवा घ्यायची गरजच नाही. अक्रोड ओमेगा-३ साठी खात असाल तर जवस घ्या (भरडून किंवा पूड करून, अख्खं बरंचसं न पचताच बाहेर पडतं), आणि बदामातल्या व्हिटॅमिन ई साठी सूर्यफुलाच्या बिया. काजू ग्रेव्हीत वाटायचेच असतील तर तुकडा घ्या, अख्ख्याचे जास्त पैसे फक्त दिसण्याचे असतात.

बाकी किराण्यात पाकिटावरची किंमत न बघता किलोमागे किती पडतं ते बघा, मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही. सुकामेवा एकदम जास्त घेतला तर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर खवट होतो आणि वाचवलेले पैसे कचऱ्यात.

फक्त घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा बदल करू नका, आणि बुरशी लागलेले किंवा कडवट दाणे निवडत बसू नका, सरळ टाकून द्या.