एकाच संगणकावर दोघांची ऑटोकॅड मांडणी वेगवेगळी कशी ठेवावी?

म्हापशातील आपल्या कार्यालयात सकाळच्या आणि दुपारच्या आरेखकाला एकच संगणक वापरावा लागतो व रोज मांडणी विस्कटते, असे आपण लिहिले आहे. येथे ऑटोकॅड या आरेखनाच्या प्रोग्राममधील प्रोफाइल आणि वर्कस्पेस यांतील फरक प्रथम ध्यानात घ्यावा. फाइलींचे मार्ग, टेम्प्लेट, प्रिंटरची निवड हे प्रोफाइलमध्ये राहते, तर रिबन, टूलबार व पॅलेट (पडद्यावरील आज्ञांच्या पट्ट्या व चौकटी) यांची मांडणी वर्कस्पेसमध्ये, म्हणजे सीयूआयएक्स फाइलमध्ये राहते.

'ऑप्शन्स'मधील 'प्रोफाइल्स' टॅबवर 'ॲड टू लिस्ट' करून प्रत्येकाच्या नावाने प्रोफाइल तयार करावे. मात्र 'सेट करंट' केल्याशिवाय कोणताही बदल करू नये, कारण तो आधीच्याच प्रोफाइलमध्ये जातो आणि बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. त्यानंतर डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट करून त्यांच्या 'टार्गेट' रकान्याच्या शेवटी जागा सोडून '/पी' (अक्षर रोमन लिपीत) आणि अवतरणचिन्हांत प्रोफाइलचे नाव लिहावे. माझ्याकडे जुन्या घरांच्या बाल्कांवांचे (गोव्यातील घरांपुढच्या बैठकीच्या ओसऱ्यांचे) तपशील काढण्यासाठी असा एक स्वतंत्र शॉर्टकट आहे.

वर्कस्पेस 'डब्ल्यूएससेव्ह' आज्ञेने जतन होते. प्रोफाइल 'एक्स्पोर्ट' करून एआरजी फाइल सर्व्हरवर अवश्य ठेवावी, आणि सीयूआयएक्सची प्रतही तिच्याशेजारीच ठेवावी, कारण एआरजीमध्ये मांडणी येत नाही.