शेजाऱ्यांची टाकी, आमचं फाटक

प्रश्न : काका, आम्ही नागपूरच्या बेसा भागातल्या लेआउटमध्ये राहतो. 30 बाय 50 चा प्लॉट. सिवर लाइन नाही. पावसाळा लागला की शेजाऱ्यांच्या सेप्टिक टँकचं पाणी आमच्या फाटकासमोर येतं. बोलायला गेले तर त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणंही बंद केलं. तक्रार कुठे करू?

उत्तर : ताई, तक्रारीआधी एक सांगा, तुमची स्वतःची टाकी कुठे वाहते? रागावू नका. आमच्याकडेही हेच झालं होतं आणि तेव्हा वाहणारी टाकी माझी होती.

टाकीचं पाणी जमिनीत जिरवायला मिस्त्रीने एप्रिलमध्ये शोषखड्डा खोदला आणि दोन बादल्या ओतून दाखवल्या. "पाहा साहेब, पानी पिऊन राहिली ना जमीन!" पिणारच! उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याचा हौद होतो. खाली मुरूम लागला तर पाणी जिरतं. आमच्याकडे लागला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यासोबत सगळे "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत होते, मी मनात वास घेऊन जा म्हणत होतो. मारबत गेली, वास राहिला.

म्हणून शेजाऱ्यांशी भांडून माती बदलायची नाही. आधी त्यांच्या गच्चीचा पाइप कुठे सोडलाय ते पाहा. बरेच जण पावसाचं पाणी शोषखड्ड्यातच सोडतात. तो पाइप वेगळा केला तरी बराच फरक पडतो. मग टाकी शेवटची कधी उपसली ते विचारा. दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, नाहीतर गाळ शोषखड्ड्यात जाऊन त्याची तोंडं बुजतात. सक्शन गाडी मे महिन्यात बोलवा, जमल्यास दोघांनी मिळून. माणूस आत उतरवू नका. त्या टाकीत विषारी वायू साचतो, आणि 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय तसं उतरवणं गुन्हा आहे. स्वस्तात करून देतो म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता खरी काळजीची गोष्ट. मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर दूर हवा, म्हणजे 59 फूट. तुमचा प्लॉट या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजला तरी 58 फूट भरतो! म्हणजे खड्डा आणि बोअर एकाच प्लॉटवर ठेवून नियम पाळताच येत नाही; त्यात शेजाऱ्यांचा खड्डा तुमच्या बोअरपासून किती दूर असेल, ते फाटकात उभं राहून दिसतंच आहे. बोअरचं पाणी पीत असाल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून जंतू नाहीत असं नसतं. तोवर उकळून प्या.

तक्रारीचं म्हणाल तर टॅक्सची पावती ज्या कार्यालयाची, पहिला अर्ज तिथे. लेआउटची मंजुरी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची असेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तिथे करा आणि मंजूर नकाशाची प्रत मागा. नालीची रेघ कुठे होती ते कळेल. मात्र टाकीचं पाणी पावसाळी नालीत सोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्या गल्लीने सोडलं होतं. खालच्या गल्लीतले दुसऱ्याच आठवड्यात दारात हजर!

प्रश्न : विकणारा म्हणतो, "प्लॉट घ्या, आरएल होऊन जाईल." घेऊ का?

उत्तर : आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आधी हातात घ्या. डिमांड, म्हणजे त्यासाठीचं शुल्क, भरल्याची पावती म्हणजे आरएल नव्हे, रजिस्ट्री तर नव्हेच. मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करायचा गुंठेवारी कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत पाडलेले लेआउट त्यात घेतले. लेआउट केव्हा पाडला, हे त्याला विचारा आणि उत्तराची तारीख लिहून घ्या. खसरा क्रमांक पत्रावर आणि सातबारावर जुळतो का, तेही पाहा. "होऊन जाईल" असं म्हणणाऱ्याला म्हणा, झालं की फोन कर, तेव्हा टोकन देतो.