आत्याची वसुली

प्रश्न : काकू, माझी आत्या ७१ वर्षांची आहे. इंदूरला रामबागेत एका खोलीत एकटी राहते. वृद्धांची पेन्शन तिला आधीपासूनच मिळत होती, महिना ६०० रुपये. आतोबा गेल्यावर वस्तीत शिबिर लागलं. तिथल्या मुलांनी तिचा विधवा पेन्शनचाही फॉर्म भरला आणि तीही सुरू झाली. आता कागद आलाय : एकाच वेळी दोन पेन्शन घेतल्या, ४१ महिन्यांचे २४,६०० रुपये १५ दिवसांत भरा. आत्यानं पाटल्या काढून डब्यात ठेवल्यात, विकायला. माझे यजमान म्हणतात, जास्त घेतले ते परत करायलाच हवेत; सरकार असं सगळ्यांचं माफ करत बसलं तर कर भरणाऱ्यांनी काय करायचं? मला दोन्ही बाजू पटतात. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी पाटल्या आत्याच्या हातात परत चढू देत. मग बोलू.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी ३१ वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत काढली. वसुलीचा कागद आला की वसुली करायची, एवढंच आम्हाला ठाऊक. १९९६ च्या सुमाराची गोष्ट. एका चौकीदाराच्या विधवेच्या पेन्शनवर महागाईची आकारणी आमच्याच टेबलावर चुकली आणि तीन वर्षं तिला जास्त रक्कम जात राहिली. ऑडिटनं पकडलं. दरमहा कापून घ्यायचं ठरलं आणि त्या कपातीचा तक्ता मीच आखला, लाल-निळ्या शाईत, अगदी सुबक. बाई दर महिन्याला यायच्या. धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढायच्या आणि विचारायच्या, "ताई, अजून किती राहिलं?" मी रजिस्टर बघून आकडा सांगायची. चूक कुणाची होती, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आकारणी करणारे साहेब तोवर बढती घेऊन भोपाळला पोचले होते.

म्हणून मला "माफी" हा शब्दच खटकतो. माफी गुन्ह्याची असते. महसुलाच्या जुन्या भाषेत त्यापेक्षा शहाणे शब्द होते : तहकुबी आणि सूट. पीक बुडालं की शेतसारा तहकूब व्हायचा, म्हणजे पुढे ढकलला जायचा, पुढेही फेडण्यासारखी स्थिती नसली तर सूट मिळायची. शेतकऱ्याला कुणी माफ केलं असं त्यात नव्हतं. हिशेबाच्या भाषेत आणखी एक शब्द आहे, निर्लेखन; आपल्याकडच्या हिंदी कागदांत अपलेखन. जी रक्कम वसूल होण्यासारखी नाही, ती सक्षम अधिकाऱ्याच्या सहीनं खर्ची पडते. (बँकवाले लगेच म्हणतील, निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते. बरं. मग आत्याचंही तसंच करा आणि खुशाल चालू ठेवा वसुली, कागदावर.)

आता कायद्याचं. १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की कार्यालयाच्या चुकीनं जास्त गेलेला पगार तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, किंवा पाच वर्षांहून जास्त काळ तो जात राहिला असेल तर, वसूल करता येणार नाही. का, तर अशी वसुली त्या माणसावर जाचक होते. हा निकाल कर्मचाऱ्यांचा आहे, आत्याला जसाच्या तसा लागू नाही, खोटी आशा दाखवत नाही. पण निवृत्त कारकुनाला जो न्याय, तो ६०० रुपयांत महिना काढणाऱ्या बाईला का नको? दरमहा २०० कापले तरी २४,६०० फिटायला १२३ महिने लागतील. आत्या तेव्हा ८१ पार केलेली असेल.

आणि फसवणूक? आई वारली हे लपवून तिच्या एटीएमवर मुलगा वर्षानुवर्षं पेन्शन उचलतो, अशा प्रकरणात माझ्या मनात दया नाही. तिथे व्याजासकट घ्या. पण शिबिरात कुणी भरलेल्या फॉर्मवर सही करणारी बाई आणि हा मुलगा एकाच यादीत आले, की यादी करणाऱ्याचंच चुकलं. ऑस्ट्रेलियात हे मोठ्या प्रमाणावर झालं. कुणी सरकारी भत्ता जास्त घेतला हे शोधायला तिथल्या सरकारनं भत्ता घेणाऱ्यांची वर्षाची कमाई सरळ २६ पंधरवड्यांत सारखी वाटली. सहा महिने काम आणि सहा महिने बेकारी असलेला माणूस संगणकाला लबाड दिसू लागला. वसुलीच्या लाखो नोटिसा गेल्या. शेवटी २०२० मध्ये सरकारला सुमारे ७२ कोटी डॉलर लोकांना परत करण्याचं जाहीर करावं लागलं. कर भरणाऱ्यांचेच ना ते?

यजमानांना आणखी एक आठवण द्या, इंदूरचीच. हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी निघाले ते २५ डिसेंबर २०२३ ला. देणी मिलची होती, सरकारची नव्हेत, मान्य. पण गरिबाचं येणं तीस वर्षं थांबतं आणि गरिबाकडचं येणं १५ दिवसांत हवं असतं, हे मला पचत नाही.

आता करायचं काय. दोनपैकी एक पेन्शन बंद करा, असा अर्ज आजच द्या. पुढचा पैसा घेत राहिलात तर माझं वरचं सगळं बोलणं फुकट जाईल. "मी रक्कम भरण्यास तयार आहे" अशा छापील कागदावर आत्यानं सही करू नये, कितीही गोड बोलून पुढे केला तरी. महिनावार हिशेब आणि दुसरा अर्ज कुणी तपासून मंजूर केला, हे माहितीच्या अधिकारात मागा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर शुल्कही नाही. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानंच.

आणि मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. दोन्ही पासबुकं घेऊन जा, आत्यालाही न्या. रांग लांब असते, घडीचं स्टूल बरोबर ठेवा.