‘चालेल’ म्हणालात खरं, पण…

प्रिय ताई,
मी ५४ वर्षांची, मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना मी आणि माझे मिस्टर एकाच ट्रेकिंग ग्रुपमध्ये होतो. उत्तराखंडातल्या हर की दूनला ट्रेकला जायचं आमचं तेव्हापासूनचं ठरलेलं. २०१९ मध्ये त्यासाठी बूटही घेतले. मग कोविड आला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्या गेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली. आता ते बरे आहेत, पण हिमालय नको म्हणतात. ऑक्टोबरमध्ये मला नऊ दिवस रजा मिळतेय. ते आणि मुलगी मिळून ताडोबाचं ठरवताहेत. ‘चालेल ना?’ असं त्यांनी विचारलं, मी ‘चालेल’ म्हटलं. पण त्याच रात्री मी एका ट्रेकचा फॉर्म भरला. पैसे अजून भरलेले नाहीत. जाऊबाई म्हणतात, नवऱ्याला असं घरी ठेवून कुणी डोंगरात जातं का? मी स्वार्थी आहे का हो?
– एक वाचक, मुलुंड

प्रिय मैत्रिणी,

ऑक्टोबरमध्ये तुम्ही हर की दूनला जा. ताडोबाला फेब्रुवारीत दोघं मिळून जा. आधी उत्तर सांगून टाकलं, कारण तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःला बराच वेळ टांगून ठेवलंय.

ताडोबाबद्दल मला फार माया आहे. माझी आई बहात्तराव्या वर्षी माझ्याबरोबर तिथे आली होती. जिप्सीत चढताना गाईडने एका हाताने तिचा दंड धरला, दुसऱ्या हाताने पायाखाली लाकडी स्टूल सरकवलं. एका पाणवठ्यापाशी गाडी बंद करून आम्ही पाऊण तास बसलो. झाडावरचं वानर एकदा खाकरलं, लांबून चितळाचा धोक्याचा कॉल आला, गाईडने बोट ओठांवर ठेवलं. वाघ काही आला नाही. एक गवा तेवढा आला, पाणी प्यायला आणि संथपणे निघून गेला. आई पुढची कितीतरी वर्षं त्या गव्याच्या पांढऱ्या पायमोज्यांबद्दल बोलायची. म्हणजे जंगल तुम्हाला सत्तरीतही भेटेल, बसल्या जागी भेटेल. हिमालयात रोज पाच-सहा तास चालणारे गुडघे मात्र सत्तरीत असतीलच असं नाही. या दोन बेतांत मला दिसणारा खरा फरक एवढाच आहे.

शिवाय ऋतूच तुमच्या बाजूने आहे. ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचा भाग पावसाळ्यात तीन महिने बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. तेव्हा गवत माणसाच्या छातीएवढं वाढलेलं असतं, पाणी जागोजागी असतं, त्यामुळे प्राणी कुठेही पांगलेले असतात. जंगल देखणं दिसतं, पण वाघ दिसणं अवघड. वाघ हमखास दिसावा म्हणून लोक एप्रिल-मेमध्ये जातात, पण चंद्रपूरचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा हृदयाचं दुखणं झालेल्या माणसाने उघड्या जिप्सीत काढावा असं मी कधीच म्हणणार नाही. फेब्रुवारी बरा. पहाटे स्वेटर लागेल, दुपार सोसवेल. मंगळवारी कोअर बंद असतं एवढं बघून तारखा धरा, आणि बुकिंग आधीपासून करा, मोहर्ली गेट लवकर भरतं. हर की दूनचं उलट आहे. पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात स्वच्छ महिना. स्वर्गारोहिणीचं शिखर धुतल्यासारखं दिसतं.

आता अवघड भागाकडे येते. पायथ्याच्या सांक्री गावाच्या पुढे मोबाइलची आशा धरू नका. घरी काही झालं तर तुम्हाला ते कळायलाच एखादा दिवस लागेल, आणि ओसला गावाच्या वरून निघून सांक्री, तिथून डेहराडूनचा दिवसभराचा गाडीचा रस्ता, मग विमान, असं करत मुलुंडला पोचायला दोन-तीन दिवस सहज जातील. हे डोळे उघडे ठेवून मान्य करा. म्हणूनच जायच्या आधी दोघांनी मिळून मिस्टरांच्या हार्टच्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: आठवडाभर मी आवाक्याबाहेर असले तर चालेल का? डॉक्टर नको म्हणाले तर यंदाचा बेत पुढे ढकला, तेव्हा मीही तुम्हाला आग्रह करणार नाही. हो म्हणाले, तर ते दिवस मुलीला घरी राहायला बोलवा. गोळ्यांचा डबा, फाइल, हॉस्पिटलचा नंबर, शेजाऱ्यांकडे किल्ली, हे सगळं तिच्या हातात द्या. बाप-लेकीला आठवडाभर एकमेकांचा सहवास मिळेल, तोही काही कमी नाही.

तुमच्या स्वतःच्या शरीरालाही इतकंच गंभीरपणे घ्या. हर की दून साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंच. ट्रेक सोपा म्हणतात, आणि हिमालयाच्या मानाने तो आहेही. पण २०२४ च्या जूनमध्ये त्याच उत्तरकाशी जिल्ह्यात सहस्रताल तलावाच्या वाटेवर हिमवादळात नऊ ट्रेकर गेले. तेही हौसेनेच गेले होते. तेव्हा पैसे भरायच्या आधी ग्रुपवाल्यांना विचारा की किती जणांमागे एक लीडर असतो, ऑक्सिजन बरोबर नेतात का, हवामान बिघडलं तर मागे फिरायचा निर्णय कोण घेतो. यातल्या एकाही प्रश्नाला ‘काही होत नाही मॅडम’ असं उत्तर आलं तर तो ग्रुप सोडा. वर गेल्यावर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चालताना तोल जाऊ लागला, तर लपवू नका. आपल्या वयाच्या बायका दुखणं लपवण्यात फार तरबेज असतात. वाढत्या त्रासावर खरा उपाय म्हणजे खाली उतरणं.

तयारीला तीन महिने आहेत आणि ते पुरतात. बिल्डिंगचे जिने रोज चढा, पहिला महिना उतरताना लिफ्ट घ्या, कारण गुडघ्यांवर खरा भार उतरतानाच येतो. रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जा आणि चालतच परत या, बारा-एक किलोमीटर होतात. सप्टेंबरपासून पाठीवर सॅक घेऊन तेच करा. दोन काठ्या घ्या आणि त्यांची सवय इथेच करा.

राहिला ‘स्वार्थी’ हा शब्द. सासूबाईंचं आजारपण तुम्ही काढलंत, मिस्टरांचं दुखणं काढलंत, आणि त्या सगळ्यात तुमची नोकरीही सुटली नाही. नऊ दिवस स्वतःसाठी मागणाऱ्या अशा बाईला मी स्वार्थी म्हणणार नाही. तुमची एकच गोष्ट मला खटकली, ती म्हणजे तुम्ही ‘चालेल’ म्हणालात आणि रात्री गुपचूप फॉर्म भरलात. मिस्टरांनी तुम्हाला अडवलेलं नाही. त्यांनी विचारलं होतं. कदाचित आपल्यामुळे हिचं राहून गेलं हे त्यांनाही टोचत असेल, आणि ताडोबा ही त्यांनी शोधलेली भरपाई असेल. जाऊबाईंचं मत नंतर ऐका. आधी मिस्टरांना खरं काय ते सांगा.

आणि ते २०१९ चे बूट. माळ्यावर खोक्यात असतील ना? ते घालून अजिबात जाऊ नका. मुंबईच्या दमट हवेत पाच-सहा वर्षं न वापरता पडलेल्या बुटांचे सोल आतून कुजतात, वरून मात्र कोरे करकरीत दिसतात. माझ्या अशाच जपून ठेवलेल्या बुटांचा सोल राजमाचीच्या वाटेवर तुकड्या-तुकड्यांनी गळून पडला आणि उरलेला रस्ता मी ओढणीने बांधलेल्या बुटांवर काढला. नवे घ्या, आत्ताच घ्या, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत पायाला बसतील.

जुने मात्र येत्या रविवारी माळ्यावरून खाली काढा. स्टूल धरायला मिस्टरांना बोलवा. ते विचारतीलच, हे आत्ता कशाला काढतेस. तेव्हा सांगा.

तुमची,
ताई