सहल रद्द होते, वारी चुकते

प्रश्न : माझे सासरे दरवर्षी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांमागे, अनवाणी चालत अडुसष्ट लिंगांचे दर्शन घेतात. माझा मुलगा देवळात जात नाही. 12 जानेवारीला तो चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी आणि तेथून डॉ. कोटणीस स्मारकात जातो व ‘हीच माझी यात्रा’ म्हणतो. सासऱ्यांना ही थट्टा वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘तीर्थ’ हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ धातूपासून आला असून नदीचा उतार, जेथून पलीकडे जाता येते ती जागा, असा त्याचा जुना अर्थ आहे. तेवढ्यावर मुलाची बाजू सावरता येईल. परंतु घरातले वाद व्युत्पत्तीने मिटत नाहीत, म्हणून आपण रोजची मराठीच पाहू.

सहल आपण काढतो, आणि पाऊस आला की ती रद्द होते. यात्रा मात्र ‘घडते’, आणि आषाढीला पंढरपूर गाठता आले नाही तर वारी ‘चुकते’. जाण्याचे श्रेय भाषा आपल्याला देत नाही, न जाण्याचा दोष मात्र आपल्याच पदरात घालते. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती स्थापिलेली म्हणून मानली जाणारी ती लिंगे शहर वाढल्यामुळे आता कुठे वस्तीच्या बोळात, कुठे रहदारीच्या कडेला आली आहेत. तरी पांढऱ्या बाराबंदीतली माणसे तेथे थांबतात, तेल वाहतात आणि पुढे निघतात. पाहण्याजोगे तेथे फारसे नसते. चुकवायचे नसते, एवढेच.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले गेले, आणि 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेले द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये तेथेच वारले. यांच्यापाशी नवस बोलता येत नाही, प्रसादही मिळत नाही. ऋण तेवढे उरते. (या बाबतीत मुलाची वाट सासऱ्यांपेक्षा कोरडी आहे, हे मान्य करावे लागेल.) त्यामुळे मला ही थट्टा वाटत नाही. एक गोष्ट मात्र आपण कळवलेली नाही : नोकरी-शिक्षणासाठी तो परगावी असला आणि एखाद्या वर्षी येणे झाले नाही, तर ‘या वर्षी राहिले’ असे तो म्हणतो, की ‘चुकले’ असे? सासऱ्यांसमोरच त्याला विचारा.